नाव एक, प्रोसेस अनेक : एरलँगमधील प्रोसेस ग्रुपची ओळख



"मेस समितीच्या सर्व सदस्यांनी सायंकाळी ७ वाजता उपस्थित राहावे" अशी नोटीस बोर्डावर लागते, तेव्हा ती लिहिणाऱ्याला समितीत आज नेमकं कोण-कोण आहे हे माहीत असण्याची गरज नसते. कोणी खोली सोडून गेला, कोणी नवा आला, तरी नोटीस तीच राहते. निरोप माणसाच्या नावे नसतो, गटाच्या नावे असतो. गटात कोण आहे याची यादी ठेवणं हे वेगळ्याच कोणाचं तरी काम.

सॉफ्टवेअरमध्ये हीच गरज पडते. एका मशीनवर एकच प्रोग्राम चालतो तोपर्यंत ठीक. पण चॅट सर्व्हर, निकालाची वेबसाइट, टेलिफोन एक्स्चेंज अशी कामं अनेक मशीनवर वाटलेली असतात. प्रत्येक मशीनवर हजारो प्रोसेस जन्मतात आणि मरतात. अशा वेळी "या नावाच्या गटात जे कोणी असतील, त्या सर्वांना हा निरोप द्या" असं म्हणता आलं पाहिजे. या सोयीला नावाचे प्रोसेस ग्रुप म्हणतात. फायनल इयरला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांना हा विषय आज ना उद्या भेटणारच. म्हणून प्रस्तुत लेखात एरलँग या भाषेतला "पीजी" मॉड्यूल घेऊन तो नीट समजून घेऊ. त्यात काय मिळतं हे तर पाहूच, पण काय मिळत नाही हेही पाहू. कारण गोंधळ होतो तो बहुधा दुसऱ्या बाबतीतच.

आधीच एक खुलासा. युनिक्सच्या पुस्तकातही "प्रोसेस ग्रुप" असा शब्द येतो. तो एकाच मशीनपुरता असतो आणि शेलमधून जॉब थांबवायला किंवा मारायला वापरतात. इथला ग्रुप वेगळा. दोन्हींची गल्लत करू नये.

१. थोडा इतिहास

ही कल्पना जुनी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्ही कर्नलवर चेरिटन आणि झ्वेनेपोल यांनी १९८५ मध्ये वितरित प्रोसेस ग्रुपवर शोधनिबंध लिहिला. त्याच दशकात कॉर्नेल विद्यापीठात केन बर्मन यांनी आयसिस नावाची प्रणाली बनवली. तिचं वैशिष्ट्य असं, की गटात कोण आलं, कोण गेलं आणि कुठला निरोप कधी पोहोचला, याचा क्रम सर्व सदस्यांना सारखाच दिसे. ही हमी फार मोठी आहे आणि ती फुकट मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक बदलाच्या वेळी सदस्यांना आपसांत बोलून एकमत करावं लागतं.

एरलँगचा जन्म १९८६ च्या सुमारास स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हिर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिचे कर्ते. टेलिफोन एक्स्चेंज बंद न पडता वर्षानुवर्षं चालावं, हा उद्देश. टेलिफोन वाहतुकीचं गणित मांडणारे डॅनिश गणिती ए. के. एरलँग यांचंही हेच नाव. १९९८ च्या डिसेंबरात ही भाषा ओपन सोर्स झाली. तिच्याबरोबर जी लायब्ररी येते तिला ओटीपी म्हणतात. (मोबाइलवर येणारा सहा अंकी ओटीपी नव्हे! हा "ओपन टेलिकॉम प्लॅटफॉर्म".) रॅबिटएमक्यू आणि व्हॉट्सअॅपचे सर्व्हर ही एरलँग वापरणारी प्रसिद्ध उदाहरणं.

२. तीन शब्द : प्रोसेस, नोड, क्लस्टर

एरलँगमधली प्रोसेस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची प्रोसेस नव्हे. ती फारच हलकी असते. नवी प्रोसेस सुरू होताना जेमतेम अडीच-तीन किलोबाइट मेमरी घेते. त्यामुळे एका मशीनवर लाखो प्रोसेस सहज चालतात. दोन प्रोसेसमध्ये सामाईक मेमरी नसते. एकीने दुसरीला निरोप पाठवायचा, इतकाच व्यवहार. प्रत्येक प्रोसेसला एक ओळख क्रमांक असतो, त्याला पिड म्हणतात.

चालू असलेल्या एका एरलँग व्हर्च्युअल मशीनला नाव दिलं की तो झाला नोड. एकाच कॉम्प्युटरवर तीन टर्मिनल उघडून तीन नोड चालवता येतात. दोन नोडची गुप्त खूण, म्हणजे "कुकी", सारखी असेल तर ते एकमेकांना जोडले जातात. जोडलेल्या नोडचा समूह म्हणजे क्लस्टर. नेहमीच्या सेटिंगमध्ये एक नोड दुसऱ्याला जोडला की तो त्याच्या ओळखीच्या बाकीच्या नोडनाही जोडला जातो. म्हणजे सगळे सगळ्यांशी थेट जोडलेले. पिडमध्येच नोडची ओळख असल्यामुळे दुसऱ्या मशीनवरच्या प्रोसेसला निरोप पाठवणं हे त्याच मशीनवरच्या प्रोसेसला पाठवण्यासारखंच दिसतं.

३. एका नावाला एक प्रोसेस पुरत नाही

एरलँगमध्ये प्रोसेसला नाव देण्याची सोय पहिल्यापासून आहे. "रजिस्टर" केलं तर ते नाव फक्त त्या नोडपुरतं. "ग्लोबल" मॉड्यूल वापरलं तर ते नाव अख्ख्या क्लस्टरभर. पण दोन्हींत एका नावाला एकच प्रोसेस. आपल्याला हवेत अनेक.

त्यासाठी अनेक वर्षं "पीजी२" नावाचा मॉड्यूल होता. त्याचं काम असं चाले : ग्रुपमध्ये शिरायचं तर आधी त्या ग्रुपच्या नावाचं कुलूप सगळ्या नोडवर घ्यायचं. मग बदल सगळ्या नोडना कळवून सगळ्यांच्या उत्तराची वाट बघायची. मग कुलूप सोडायचं. चार-सहा नोड आणि थोडे सदस्य असतील तर हे ठीक चालतं. पण नोड वाढले आणि सेकंदाला हजारो प्रोसेस ये-जा करू लागल्या की सगळे कुलपाच्या रांगेत उभे. मेसमध्ये ताट घेण्याआधी प्रत्येकाने तिन्ही होस्टेलच्या रेक्टरांची सही आणायची, असा नियम केला तर जेवणाचं काय होईल ते बघा.

२०२० मध्ये आलेल्या ओटीपी २३ मध्ये "पीजी" हा नवा मॉड्यूल आला. तो व्हॉट्सअॅपकडून आलेला आहे. त्याच आवृत्तीत पीजी२ कालबाह्य ठरवला गेला आणि २०२१ च्या ओटीपी २४ मध्ये काढूनच टाकला. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांत मात्र अजून पीजी२ चीच उदाहरणं आहेत. ती जशीच्या तशी टाइप केली तर "असं फंक्शनच नाही" एवढंच उत्तर मिळेल. पुस्तक चुकीचं नाही, जुनं आहे.

४. नवा पीजी कसा चालतो

आता मुख्य भाग. समजा अ, ब आणि क अशी तीन होस्टेलं आहेत. प्रत्येक होस्टेलमध्ये एक रेक्टर आणि त्याच्याकडे एक रजिस्टर. नियम फक्त चार.

पहिला नियम : प्रत्येक रेक्टरने फक्त आपल्या होस्टेलच्या मुलांची नोंद करायची. अ चा मुलगा ब च्या रेक्टरकडे नाव नोंदवू शकत नाही. पीजीत हेच. "जॉइन" फंक्शनला दिलेला पिड त्याच नोडवरचा असावा लागतो, नाहीतर एरर. जुन्या पीजी२ मध्ये परक्या नोडवरची प्रोसेसही शिरवता येत असे.

दुसरा नियम : नोंद झाली की रेक्टरने बाकीच्या रेक्टरांना फोन करून सांगायचं, पण "हो, लिहिलं" या उत्तरासाठी थांबायचं नाही. म्हणजे कुलूप नाही, वाट बघणं नाही.

तिसरा नियम : नवीन होस्टेलशी फोन जोडला गेला की आधी विचारायचं, "तुमच्याकडे कोण आहे?" समोरच्याने आपल्या मुलांची पूर्ण यादी द्यायची. पीजीमध्ये या दोन निरोपांना डिस्कव्हर आणि सिंक म्हणतात.

चौथा नियम : एखाद्या होस्टेलचा फोन तुटला की त्या होस्टेलच्या सगळ्या मुलांची नावं आपल्या यादीतून खोडायची. फोन पुन्हा जोडला गेला की तिसरा नियम लागू.

एखादी प्रोसेस मेली तर तिला स्वतःहून नाव काढावं लागत नाही. रेक्टर, म्हणजे प्रत्येक नोडवरची पीजीची प्रोसेस, आपल्या सदस्यांवर लक्ष ठेवून असते. सदस्य मेला की नाव खोडते आणि इतरांना कळवते.

यात कुलूप नसूनही गोंधळ का होत नाही? कारण एकच नोंद दोन जण लिहीतच नाहीत. अ च्या मुलांबद्दल फक्त अ चा रेक्टर बोलतो. शिवाय एरलँगची एक हमी आहे : एका प्रोसेसने दुसऱ्या प्रोसेसला पाठवलेले निरोप ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने पोहोचतात. त्यामुळे "रमेश आला" आणि "रमेश गेला" हे निरोप उलटे होऊन रमेश कायमचा यादीत अडकला, असं होत नाही. फोन चालू राहिले आणि नवे बदल थांबले, की थोड्या वेळाने तिन्ही रजिस्टरं सारखी होतात. यालाच पुस्तकी भाषेत अंतिम सुसंगती म्हणतात. "थोड्या वेळाने" हे शब्द अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहेत.

यादी वाचणं तर आणखी स्वस्त. "गेट-मेंबर्स" हे फंक्शन आपल्याच नोडवरच्या मेमरीतल्या टेबलात बघतं. नेटवर्कवर जात नाही आणि रेक्टरलाही विचारत नाही.

५. रोजच्या वापरातली फंक्शन्स

(लेखात नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत आणि जोडरेघेच्या जागी अंडरस्कोर घालून लिहावी.)

स्टार्ट-लिंक : पीजी सुरू करणे. प्रत्येक नोडवर करावं लागतं. ज्या नोडवर केलं नाही, त्या नोडला ग्रुप दिसणार नाहीत.

जॉइन : ग्रुपचं नाव आणि पिड द्यायचा. पीजी२ मध्ये आधी "क्रिएट" करावं लागे, इथे नाही. पहिला सदस्य आला की ग्रुप तयार, शेवटचा गेला की ग्रुप नाहीसा.

लीव्ह : बाहेर पडणे. एकच प्रोसेस एकाच ग्रुपमध्ये दोनदा शिरली तर तिचं नाव यादीत दोनदा येतं, निरोपही दोनदा मिळतो आणि बाहेरही दोनदा पडावं लागतं.

गेट-मेंबर्स : सर्व नोडवरचे सदस्य. ग्रुप नसेलच तर रिकामी यादी मिळते. पीजी२ अशा वेळी एरर देई. त्यामुळे जुना कोड बदलताना ग्रुपच्या नावातली स्पेलिंगची चूक आता गुपचूप निसटू शकते, याकडे लक्ष ठेवावं.

गेट-लोकल-मेंबर्स : फक्त आपल्या नोडवरचे सदस्य.

विच-ग्रुप्स : चालू ग्रुपांची नावं.

पीजी२ मधलं "सर्वांत जवळचा सदस्य द्या" हे फंक्शन नव्यात नाही. आधी स्थानिक यादी बघायची, ती रिकामी असेल तर पूर्ण यादीतून कोणताही एक घ्यायचा, असं पाच ओळींत स्वतः लिहिता येतं.

याशिवाय "स्कोप" ही कल्पना आहे. एकाच क्लस्टरमध्ये चॅटसाठी एक आणि हिशेबासाठी दुसरा असे वेगळे स्कोप चालवता येतात. प्रत्येक स्कोपचा रेक्टर वेगळा, रजिस्टर वेगळं. दोन स्कोपमध्ये एकाच नावाचे ग्रुप असले तरी त्यांचा संबंध नाही. एखाद्या नोडला चॅटशी देणंघेणं नसेल तर तिथे चॅटचा स्कोप सुरूच करायचा नाही, म्हणजे नको ती गर्दी त्या नोडवर येत नाही.

६. एक हिशेब : ६०० निरोप की २?

समजा तीन नोडवर कॉलेजचा चॅट सर्व्हर चालतो. ९०० विद्यार्थी ऑनलाइन आहेत, प्रत्येक नोडवर ३००. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्रोसेस आणि त्या सगळ्या "सूचना" या ग्रुपमध्ये. अ नोडवरून एक सूचना द्यायची आहे.

सरळ पद्धत : गेट-मेंबर्सने ९०० जणांची यादी घ्या आणि प्रत्येकाला निरोप पाठवा. त्यातले ३०० अ वरच राहतील, पण ६०० निरोप नेटवर्कवरून जातील. मजकूर तोच, ६०० वेळा.

सुधारित पद्धत : प्रत्येक नोडवर एक "वाटप" प्रोसेस ठेवा. अ ने ब आणि क वरच्या वाटप प्रोसेसला एकेक निरोप द्यायचा, म्हणजे एकूण २. तिथली वाटप प्रोसेस गेट-लोकल-मेंबर्स घेऊन आपल्या ३०० जणांना देईल. नेटवर्कवरचे ६०० निरोप २ वर आले.

अजून एक पायरी आहे. ९०० विद्यार्थी ग्रुपमध्ये शिरताना प्रत्येक नोंद बाकीच्या २ नोडना कळवली गेली, म्हणजे १८०० बातम्या. पण ब ला अ वरच्या विद्यार्थ्यांची नावं हवीत कशाला? वाटपाचं काम तर अ स्वतःच करतो. म्हणून पीजीच्या ग्रुपमध्ये फक्त ३ वाटप प्रोसेस ठेवायच्या आणि विद्यार्थ्यांची यादी प्रत्येक नोडने आपल्यापुरत्या टेबलात ठेवायची. आता ग्रुपमध्ये ३ नोंदी आणि ६ बातम्या, बस्स. एलिक्सिर भाषेतलं फीनिक्स फ्रेमवर्क आपली सूचना-वाटप व्यवस्था अशाच धर्तीवर चालवतं.

ग्रुपमध्ये कोणाला घालायचं हा प्रश्न ग्रुप कसा वापरायचा याच्या आधीचा आहे, हे या हिशेबावरून ध्यानात यावं.

७. आता खरी परीक्षा : वायर तुटली तर?

नोड "गेला" हे बाकीच्यांना कसं कळतं? दोन प्रकार आहेत. नोडचा प्रोग्राम बंद पडला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याची कनेक्शन बंद करते आणि बाकीच्यांना लगेच कळतं. पण लॅनची वायर निघाली, स्विचची वीज गेली किंवा मशीन हँग झालं, तर कोणी कळवायलाच उरत नाही. त्यासाठी एरलँगचे नोड एकमेकांना ठरावीक वेळाने "मी आहे" असा टिक पाठवतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा काळ ६० सेकंदांचा असतो आणि समोरचा गेला हे कळायला ४५ ते ७५ सेकंद लागतात. एवढा वेळ मेलेल्या नोडवरचे सदस्य यादीत जिवंत दिसतात. त्यांना पाठवलेले निरोप कुठेच पोहोचत नाहीत आणि पाठवणाऱ्याला एररही येत नाही.

चॅटच्या सूचनेसाठी हे चालून जातं. आता दुसरं उदाहरण घेऊ. समजा याच तीन नोडवर मेसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. रोज रात्री १२ वाजता ३०० विद्यार्थ्यांच्या खात्यातून प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे एकूण ३०,००० रुपये वळते करायचे. हे काम तिघांपैकी एकानेच करायला हवं. मग एक सोपी युक्ती सुचते : तिन्ही हिशेब प्रोसेस "हिशेब" ग्रुपमध्ये घाला. प्रत्येकाने यादी बघायची. ज्याच्या नोडचं नाव वर्णक्रमात पहिलं तो प्रमुख. तीच यादी, तोच नियम, म्हणून प्रमुखही तोच.

वायर तुटली नाही तोपर्यंत हे बरोबर चालतं. आता अ एका बाजूला, ब आणि क दुसऱ्या बाजूला अशी फूट पडली. अ च्या यादीत फक्त अ, म्हणून अ प्रमुख. ब आणि क च्या यादीत ब पहिला, म्हणून ब पण प्रमुख. पैसे दोनदा कापले गेले, ६०,००० रुपये. आणि यात पीजीची काही चूक नाही. त्याने "सध्या मला दिसणारी यादी" देण्याचं वचन दिलं होतं, ते पाळलं. "सगळ्यांना एकच यादी दिसेल" असं वचन त्याने कधी दिलंच नव्हतं.

यावर हुशार विद्यार्थी म्हणेल, "सर, बहुमताचा नियम लावा. तीनपैकी निदान दोन दिसत असतील तरच काम करायचं." सूचना चांगली आहे, पण पीजीच्या यादीवर ती लावली तर पुरत नाही. ते ४५ ते ७५ सेकंद आठवा. दोन्ही बाजूंना फूट एकाच क्षणी कळेल असं नाही. समजा ब आणि क ला ४६ व्या सेकंदाला कळलं आणि अ ला ७४ व्या. मधले २८ सेकंद अ ला तिघेही दिसताहेत, म्हणून तो स्वतःला प्रमुख समजतो. ब ला दोघं दिसताहेत, बहुमत आहे, म्हणून तोही स्वतःला प्रमुख समजतो. रात्रीचे १२ नेमके त्या २८ सेकंदांत वाजले की संपलं.

मग उपाय काय? दोन आहेत.

पहिला, साधा आणि बहुतेक प्रोजेक्टना पुरेसा : दोनदा काम झालं तरी परिणाम एकदाच होईल अशी रचना करा. डेटाबेसमध्ये "विद्यार्थी क्रमांक आणि तारीख" या जोडीवर युनिक बंधन घाला. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. प्रमुख एक असो की दोन, पैसे एकदाच कापले जातील. इथे पीजीचं काम फक्त घाई टाळण्याचं उरतं, पैसे सांभाळण्याचं नाही.

दुसरा : खरोखरच एकमत हवं असेल तर त्यासाठी बनवलेला अल्गोरिदम वापरा. २०१४ मध्ये ओंगारो आणि ओस्टरहाउट यांनी प्रसिद्ध केलेला राफ्ट त्यातल्या त्यात समजायला सोपा. यात प्रत्येक निर्णयाला बहुमताची प्रत्यक्ष संमती घ्यावी लागते, नुसती यादी बघून भागत नाही. रॅबिटएमक्यूच्या मंडळींनी एरलँगमध्ये "रा" नावाची लायब्ररी यासाठी लिहिली आहे. किंमत अशी, की बहुमत नसलेली बाजू काम थांबवते.

ही निवड टाळता येत नाही. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये ती अनुमान म्हणून मांडली आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केली. सिलॅबसमधला "कॅप" सिद्धांत तो हाच. नेटवर्क फुटलं असताना एक तर सगळ्यांनी उत्तर देत राहायचं, किंवा सगळ्यांची उत्तरं एक ठेवायची. पीजीने पहिली बाजू घेतली आहे, राफ्टने दुसरी.

अर्धवट फुटीबद्दलही दोन शब्द. अ आणि ब मधली वायर तुटली, पण क दोघांना दिसतो, असं झालं तर? पीजीमध्ये रेक्टर ऐकीव बातमी पुढे देत नाही. क ला अ ची मुलं माहीत असली तरी तो ती ब ला सांगणार नाही. त्यामुळे तिघांच्या तीन याद्या होऊ शकतात. २०२२ च्या ओटीपी २५ पासून ग्लोबल मॉड्यूल अशी अर्धवट अवस्था दिसली की आणखी कनेक्शन मुद्दाम तोडून स्वच्छ दोन तुकडे करतो, आणि हे सेटिंग मुळातच चालू असतं. "एक वायर काढली तर दोन नोड का गेले?" असा प्रश्न लॅबमध्ये पडला तर त्याचं उत्तर इथे आहे.

८. रूमवर करून बघण्यासारखं

एक कॉम्प्युटर पुरे. तीन टर्मिनलमध्ये एकाच कुकीने तीन नोड सुरू करा आणि एकमेकांना पिंग करून जोडा.

प्रयोग १ : तिन्हींवर पीजी सुरू करा. प्रत्येकावर एकेक प्रोसेस "सूचना" मध्ये घाला. तिन्हीकडे यादी बघा. मग एक प्रोसेस मारा आणि पुन्हा बघा.

प्रयोग २ : एक नोड बंद करा. त्याचे सदस्य इतरांच्या यादीतून किती लवकर जातात ते बघा. लगेच जातील.

प्रयोग ३ : आता नोड बंद न करता लिनक्सच्या स्टॉप सिग्नलने तो गोठवा. घड्याळ लावून बसा. ४५ ते ७५ सेकंद मेलेला माणूस हजेरीत कसा दिसतो ते प्रत्यक्ष दिसेल. मग कंटिन्यू सिग्नल देऊन नोड पुन्हा पिंग करा, यादी परत जुळेल.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. एरलँगच्या शेलमध्ये चुकीची ओळ टाइप झाली की शेलची आतली प्रोसेस मरते आणि नवी जन्मते. पिड बदलतो. शेललाच ग्रुपमध्ये घातलं असेल तर सदस्यत्व जातं. त्याहून वाईट म्हणजे शेलमधून स्टार्ट-लिंकने पीजी सुरू केला असेल तर शेलबरोबर पीजीही मरतो आणि सगळी नोंद पुसली जाते. म्हणून प्रयोगासाठी लिंक नसलेलं "स्टार्ट" वापरा, किंवा नोड सुरू करतानाच कर्नलच्या सेटिंगमधून पीजी चालू करा.

खऱ्या प्रोजेक्टमध्येही हाच मुद्दा येतो. पीजीची प्रोसेस मेली आणि सुपरव्हायजरने ती पुन्हा उभी केली, तर रजिस्टर कोरं असतं आणि जुन्या सदस्यांना काहीच कळलेलं नसतं. ते आपले ग्रुपमध्ये आहोत असं समजून बसतात. म्हणून सुपरव्हायजरच्या यादीत पीजी आधी, सदस्य नंतर ठेवावे आणि "रेस्ट-फॉर-वन" पद्धत निवडावी. मग पीजी पडला की त्याच्यानंतरचे सगळे पुन्हा सुरू होतात आणि पुन्हा नावं नोंदवतात.

९. तोंडी परीक्षेची तयारी

(१) पीजीमध्ये परक्या नोडवरची प्रोसेस का शिरवता येत नाही? ही बंदी काढली तर चौथ्या विभागातला कोणता युक्तिवाद कोसळेल?

(२) ५ नोड, प्रत्येकी २०० सदस्य. सरळ पद्धतीने एक सूचना दिली तर नेटवर्कवरून किती निरोप जातील? वाटप प्रोसेस ठेवली तर किती? (उत्तरं : ८०० आणि ४.)

(३) टिकचा काळ ६० वरून ८ सेकंदांवर आणला तर फूट ६ ते १० सेकंदांत कळेल. मग सगळेच असं का करत नाहीत? जड कामात गुंतलेला, टिक द्यायला उशीर झालेला नोड डोळ्यांसमोर आणा.

(४) पुढीलपैकी कुठे पीजी पुरेसा आहे आणि कुठे नाही : क्रिकेटचा स्कोअर सगळ्यांना दाखवणे, परीक्षेचा सीट नंबर वाटणे, कोण ऑनलाइन आहे ते दाखवणे, शेवटची उरलेली रूम एकालाच देणे.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम देत नाही. प्रत्येकाला विचारायचं ते एवढंच : यादी मिनिटभर चुकीची राहिली तर नुकसान कोणाचं आणि किती? स्कोअर उशिरा दिसला तर कोणी रडत नाही. एकच रूम दोघांना मिळाली तर दोन मुलं ट्रंका घेऊन एकाच दारात उभी राहतात. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये "आम्ही पीजी वापरला" या वाक्यापुढे या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत लिहिलंत, तर परीक्षकांना विचारायला फारसं काही उरणार नाही.